दोघी हव्यात, आणि शेवटपर्यंत दोघीच राहू द्या

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कथाविभाग, मालिकांचे निर्माते आणि पटकथा-संवाद लेखक

विषय: महिला तपास अधिकाऱ्यांवरच्या मालिका आणि 'कॅग्नी अँड लेसी'

सप्रेम नमस्कार,

वर्दीतली नायिका असलेली मालिका जाहीर झाली की आम्हा गुन्हेकथाप्रेमींना आधी आनंद होतो आणि पाठोपाठ धाकधूक. प्रोमोत ती बुलेटवरून उतरते, गुंडाच्या कानाखाली आवाज काढते. पुढे कधीतरी तिचं लग्न ठरतं, सासर येतं, आणि हळूहळू पोलीस ठाण्याचा सेट आठवड्यातून एखाद्या दिवशीच उघडतो. लेखकाला एवढंच सुचतं असं आम्हाला वाटत नाही. एकट्या नायिकेला ठाण्यात बोलायला बरोबरीचं माणूसच नसतं, म्हणून कथा आपोआप घराकडे वळते. हे टाळायचं कसं, याचं उत्तर चाळीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवरच्या 'कॅग्नी अँड लेसी' या दोन महिला पोलीस डिटेक्टिव्हांच्या मालिकेने देऊन ठेवलं आहे. तिचे १२५ भाग कोणी कौतुकाने बघतो, कोणी आठवणीने. आमची विनंती आहे की तुम्ही ते कारागिराच्या नजरेने बघावेत.

आधी काय होतं ते थोडक्यात. एनबीसीवर १९७४ ते १९७८ 'पोलीस वुमन' चालली. अँजी डिकिन्सनची सार्जंट पेपर अँडरसन दर दोन-चार भागांत वेश पालटून गुन्हेगारांत शिरायची आणि आयत्या वेळी पुरुष सहकारी तिला सोडवायला यायचे. एबीसीवर १९७६ ते १९८१ 'चार्लीज एंजल्स' गाजली. त्यातल्या तिघी पोलीस अकादमीतून बाहेर पडलेल्या, पण काम देणारा मालक कधी दिसायचा नाही. टेबलावरच्या स्पीकरमधून जॉन फोर्सिथचा आवाज यायचा आणि मुली निघायच्या. करमणूक म्हणून दोन्ही मालिका झकास. पण फाइल कोणी लिहिली, साक्षीदाराला कोर्टात कोणी उभं केलं, महिनाअखेरीला पगार किती उरला, हे त्यांत कोणी विचारलं नाही.

'कॅग्नी अँड लेसी'ची कल्पना बार्बरा एव्हडन आणि बार्बरा कॉर्डे या दोन लेखिकांना १९७४ मध्ये सुचली. पडद्यावर पुरुषांच्या मैत्रीच्या जोड्या हव्या तितक्या आहेत, मग दोन बायकांची का नाही, हा मूळ प्रश्न. त्यांनी न्यूयॉर्कच्या महिला पोलिसांबरोबर राहून माहिती घेतली आणि चित्रपटाची पटकथा लिहिली. स्टुडिओंनी कित्येक वर्षं ती फिरवली. ओळखीच्या ग्लॅमरस नट्या घेतल्या तर बघू, असं उत्तर यायचं. शेवटी निर्माते बार्नी रोझेनझ्वाइग यांनी ती टीव्हीकडे नेली आणि ८ ऑक्टोबर १९८१ रोजी लोरेटा स्विट (कॅग्नी) आणि टाइन डेली (लेसी) यांचा टीव्हीपट लागला. प्रेक्षक इतका मिळाला की वाहिनीने लगेच मालिका मागितली. स्विट मात्र 'मॅश' या दुसऱ्या मालिकेच्या कराराने बांधलेल्या होत्या, म्हणून कॅग्नीच्या जागी मेग फॉस्टर आल्या. २५ मार्च १९८२ ला, एका गुरुवारी, मालिका सुरू झाली.

इथून पुढचं तुमच्यापैकी प्रत्येक वाहिनी अधिकाऱ्याने नीट वाचावं. सहा भाग झाले आणि वाहिनीने सांगितलं, फॉस्टर बदला. कारण काय, तर दोघी फार कडक दिसतात, बायकी वाटत नाहीत. त्या समलिंगी वाटतात, असंही नाव न देता एका अधिकाऱ्याने 'टीव्ही गाइड' या साप्ताहिकाला सांगितलं. फॉस्टरच्या अभिनयाबद्दल तक्रार नव्हती. दोन बायका एकमेकींशी, एकमेकींसाठी बोलताहेत याचीच काहींना अडचण झाली होती. त्या शरद ऋतूत शॅरन ग्लेस आल्या. त्यांच्याबरोबर कॅग्नीचे कपडे सुधारले, आणि साध्या पोलिसाची मुलगी असलेल्या कॅग्नीला न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टरच्या सुखवस्तू घरातली आई चिकटवण्यात आली.

आता गंमत बघा. ग्लेस उत्कृष्ट नटी निघाल्या म्हणून हा बदल पचला, वाहिनीचं निदान बरोबर होतं म्हणून नव्हे. आणि लेखकांनीही चलाखी केली. वरून लादलेला पैसेवाल्या आईचा तपशील त्यांनी सजावट म्हणून ठेवला नाही, तो भांडणाचा मुद्दा केला. कॅग्नीला बढती हवी, चांगला फ्लॅट हवा, लग्न नको. लेसी क्वीन्समध्ये राहते, घरी दोन मुलगे, नवरा हार्वी बांधकामातला, कधी काम आहे, कधी नाही. लेसीला नोकरी हवी ती हप्ते भरायला. एकाच गाडीत बसलेल्या दोन बायकांना पैसा आणि नोकरी या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या दिसतात, म्हटल्यावर प्रत्येक केसवर त्यांची मतं आपोआप वेगळी पडतात. वाहिनीकडून तुम्हालाही 'नायिकेला जरा श्रीमंत करा' अशी सूचना येईल. आली तर याच रीतीने वापरा.

वेळेचंही तेच. गुरुवारी आकडे पडले. पुढच्या हंगामात सोमवारी रात्री १० ची वेळ मिळाली, तरी १९८३ च्या वसंतात मालिका बंद झाली. मग पत्रांचा पाऊस पडला. उन्हाळ्यात जुने भाग पुन्हा लागले तेव्हा आकडे वर गेले, आणि सप्टेंबरमध्ये डेली यांना एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचं मानाचं पारितोषिक, मिळालं. वाहिनीला माघार घ्यावी लागली. १९ मार्च १९८४ ला मालिका परतली, सुरुवातीला फक्त सात भागांची. तिथून ती थेट १६ मे १९८८ पर्यंत चालली. १९८३ ते १९८८ सलग सहा वर्षं नाट्यमालिकेतील प्रमुख अभिनेत्रीचं एमी याच दोघींकडे राहिलं, चार वेळा डेली, दोन वेळा ग्लेस. १९८५ आणि १९८६ मध्ये सर्वोत्तम नाट्यमालिकाही हीच. चौथ्या आठवड्याच्या टीआरपीवर नायिका बदलण्याआधी हा हिशेब एकदा भिंतीवर चिकटवावा.

आता यंत्र उघडून बघू.

पहिला सुटा भाग म्हणजे बाथरूम. १४ व्या प्रिसिंक्टच्या, म्हणजे दोघींच्या पोलीस ठाण्याच्या, महिला प्रसाधनगृहात लॉकर, बेसिन, आरसा एवढंच. गुप्तहेरांच्या खोलीत टेबलं चिकटून, फोन खणखणताहेत, लेफ्टनंट सॅम्युअल्स दारातून ओरडतो आहे, सहकारी इस्बेकीचे विनोद चालू आहेत. तिथे दोघींना खरं बोलताच येत नाही. मग एक उठून आत जाते, दुसरी मागोमाग. दार लागतं आणि आवाज तुटतो. एक बेसिनला टेकते, दुसरी लॉकरचं दार उघडं धरून बोलते, तोंड आरशाकडे. भागातलं सर्वात मोठं भांडण बहुतेक वेळा इथेच होतं, आणि ते केसचं भांडण असतं की एकमेकींचं, हे सांगता येत नाही. पुरुष पात्रांना आत येता येत नसल्यामुळे लेखकाला कोणाला तरी 'जरा बाहेर जा' म्हणायला लावावं लागत नाही. सेट लहान, दिवे कमी, दोन नट्या, एक कॅमेरा इकडे आणि एक तिकडे. स्वस्तात स्वस्त आणि सर्वात वजनदार दृश्य. तुमच्या ठाण्याच्या सेटवर अशी जागा आहे का? कपडे बदलायची खोली, मुद्देमाल खोलीच्या मागचा बोळ, हिरकणी कक्ष, काहीही चालेल. नसेल तर कला दिग्दर्शकाला पहिल्याच बैठकीत सांगा. पुढे त्या एका खोलीवर शेकडो दृश्यं बेतता येतात.

दुसरा भाग पदाचा. सुरुवातीला दोघी बरोबरीच्या. पुढे कॅग्नी सार्जंट होते, लेसी डिटेक्टिव्हच राहते, आणि गाडी, केस, टेबल तेच राहतं. मैत्रिणीचा हुकूम ऐकायचा की नाही, ही एकच गाठ पुढच्या किती भागांना पुरली ते मोजून बघा. आपल्याकडे हे आणखी सोपं आहे. एक सहाय्यक पोलीस निरीक्षक, दुसरी तिच्यापेक्षा वयाने मोठी पोलीस उपनिरीक्षक, शिपायातून खात्यांतर्गत परीक्षा देऊन वर आलेली. ठाण्यात चारचौघांत धाकटीला 'मॅडम' म्हणायचं, आणि खोलीचं दार लागलं की 'तू कालची पोरगी'. यापेक्षा तयार संघर्ष काय हवा?

तिसरा भाग घराचा, आणि इथेच आपल्या मालिका घसरतात. कॅग्नी-लेसीत घर भरपूर आहे. हार्वी हे पात्र इतकं जमलं की जॉन कार्लेन यांनाही १९८६ चं सहाय्यक अभिनेत्याचं एमी मिळालं. पण घरातला प्रश्न नोकरीशी शिवलेला असतो. १९८५ च्या दोन भागांत लेसीच्या स्तनात गाठ सापडते. ती सांगायचं टाळते, कामात लपते, मग डॉक्टर गाठतो, आणि पूर्ण स्तन न काढताही उपचार होऊ शकतो हे प्रेक्षकाला तिच्याबरोबरच कळतं. त्याच सुमारास डेली खरोखरच गरोदर होत्या. टेबलामागे, फाइलमागे पोट लपवायचं नेहमीचं तंत्र बाजूला ठेवून लेखकांनी गरोदरपणच कथेत घेतलं. पोलीसबाई पोटुशी असताना रस्त्यावर उतरते, सहकारी कुजबुजतात, नवरा चिडतो, आणि शेवटी अॅलिस जन्मते. आपल्याकडे नायिका गरोदर झाली की लीप येतो किंवा नवी नटी येते. राज्य शासनाच्या सेवेत १८० दिवसांची प्रसूती रजा असते. त्या सहा महिन्यांत दुसरी एकटी तपास करते, रजेवरची फोनवरून नाक खुपसते, आणि परतल्यावर तिची केस कोणीतरी बळकावलेली असते. तीन महिन्यांचं कथानक आयतं हातात आहे.

चौथा भाग पेरणीचा, आणि आमच्या मते मालिकेची खरी कमाई तीच. कॅग्नीचा बाप चार्ली निवृत्त पोलीस, पिणारा, लेकीचा लाडका. बापलेक बारमध्ये बसतात हे आपण पहिल्या वर्षांपासून बघतो आणि ते प्रेमळच वाटतं. हंगामामागून हंगाम ती एक पेग जास्त घेते, कोणी त्यावर बोट ठेवत नाही. १९८७ च्या 'टर्न, टर्न, टर्न' या दोन भागांत बाप मरतो आणि ती कोसळते. लेसी तिला उचलते, शिव्या खाते, तरी हलत नाही. अखेरीस कॅग्नी मद्यमुक्तीच्या सभेत उभी राहून स्वतःची ओळख करून देते. एवढं मोठं वळण दोन भागांत पेललं, कारण त्याची तयारी चार वर्षं चालू होती. दैनंदिन मालिकेत हे जमवायचं तर एकच उपाय: एक जाड वही, किंवा शेअर केलेली शीट, ज्यात पात्राची प्रत्येक सवय, कर्ज, दुखणं, खोटं आणि ते कोणत्या भागात आलं याची नोंद. संवाद लेखक बदलतात, कथा लेखक बदलतात, ती वही बदलत नाही. आपल्याकडे बहुतेक घोटाळे ही नोंद नसल्यामुळे होतात. दोनशेव्या भागात जिला पाण्याची भीती वाटते, तीच तिसाव्या भागात विहिरीत उडी मारून आलेली असते.

सगळंच डोक्यावर घ्यावं असंही नाही. कथा न्यूयॉर्कची आणि बरंचसं चित्रीकरण लॉस एंजेलिसमध्ये, ते उजेडावरून ओळखू येतं. काही भागांत सामाजिक प्रश्न आधी ठरवून केस त्याला जुळवली आहे, आणि शेवटची पाच मिनिटं व्याख्यानमाला होते. काळा गुप्तहेर पेट्री, कार्ल लम्बली यांच्यासारखा नट असून, बराच काळ कोपऱ्यात बसवून ठेवला. हेही शिकण्यासारखं आहे.

आता गणित. त्यांच्याकडे भरल्या हंगामात २२ ते २४ भाग, प्रत्येक सुमारे ४८ मिनिटांचा, म्हणजे वर्षाला हजार-अकराशे मिनिटं. आपल्या दैनंदिन मालिकेचे वर्षाला तीनशे भाग, २२ मिनिटांचे धरले तर ६६०० मिनिटं. सहापट माल आणि त्याच दर्जाची अपेक्षा, हा अन्याय आहे हे मान्य. म्हणून आमची सूचना: एक केस, एक आठवडा. सहा भागांत १३२ मिनिटं, 'मागील भागात' वगळून १२० धरा. त्यातली ७० केसला, ३० घराला, २० ठाण्यातल्या राजकारणाला. सोमवारी घटनास्थळ, पंचनामा, आणि दोघींची पहिली मतं वेगळी. मंगळवारी जबाब. बुधवारी पहिला धागा चुकीचा निघायलाच हवा, तोही त्यांच्यापैकी एकीच्या पूर्वग्रहामुळे. गुरुवारी त्या बंद खोलीतलं दृश्य, सलग चार मिनिटं, पार्श्वसंगीताशिवाय. दर वाक्याला तीन चेहऱ्यांवर झूम करण्याची सवय निदान त्या चार मिनिटांपुरती आवरा. शुक्रवारी अटक. शनिवारी कोठडीची सुनावणी, आणि न सुटलेलं काहीतरी. गुन्हेगार घरातलाच काढण्याचा मोह मात्र टाळा. नातेवाईक आरोपी असेल तर तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जायला हवा, आणि तुमच्या नायिकेच्या हाताला कामच उरत नाही.

तपासाची बारीक बाजू तर फुकट मिळणारं नाट्य आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलम ४३ प्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल द्यायचा आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. संशयित बाई संध्याकाळी साडेसहाला सापडली आहे, दिवस डिसेंबरचा आहे, पहाटेची गाडी पकडून ती पळणार आहे. एक म्हणते थांबू, दुसरी म्हणते अहवाल लिहायला घे. पाठलागाची गरजच नाही. कलम १७९ नुसार स्त्री साक्षीदाराला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. म्हणजे सासूच्या कान टवकारलेल्या स्वयंपाकघरात जबाब नोंदवायचा. लैंगिक गुन्ह्याची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, त्यामुळे रजेच्या दिवशीही तुमच्या नायिकेला फोन येणारच. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं, आणि मोबाइलची बॅटरी चार टक्क्यांवर असते. अटकेनंतर २४ तासांत न्यायालयापुढे उभं करायचं, हे घड्याळ तर कायमचंच. महाराष्ट्रात महिला पोलिसांची ड्युटी १२ ऐवजी ८ तासांची करण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर झाला. आठ तास भरले, आरोपी बोलायला लागला आहे, मुलीला पाळणाघरातून आणायचं आहे. आता काय? पडद्यावर मात्र आजही इन्स्पेक्टर बाई रात्री दोनला एकट्याच जातात, दार लाथेने उघडतात, पंच नाहीत, शिपाई नाही, आणि पिस्तूल आपल्या हाताने उचलून टेबलावर ठेवतात. दुसऱ्या दिवशी बचावाच्या वकिलाला तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही.

आपल्याकडे परंपराच नाही, असं म्हणून सुटका करून घेऊ नका. दूरदर्शनवर १९८९ मध्ये 'उडान' आली. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली, स्वतः कल्याणी सिंगची भूमिका केली, आणि आधार होता त्यांच्या आयपीएस बहिणीच्या आयुष्याचा. महाराष्ट्रातल्या घरांतही ती बघितली गेली. तिथे बाई अधिकारी कशी घडते ते होतं. ती नोकरीत रुळल्यावर, दहाव्या वर्षी, जोडीदारणीशी कशी भांडते, ती मालिका मराठीत अजून लिहायची आहे.

तर मागणी एवढीच. पुढच्या वेळी संहितेवर चर्चा कराल तेव्हा नायिकेची एक ओळ न लिहिता दोघींच्या दोन ओळी लिहा, आणि त्या एकमेकींना कापणाऱ्या असू द्या. दोघींना एकाच पुरुषावरून भांडायला लावू नका. निदान २६ आठवडे कोणालाही बदलू नका. आणि निवृत्त महिला पोलीस अधिकाऱ्याला सल्लागार म्हणून घेतलंत तर तिला फक्त सलामी कशी ठोकायची हे विचारून परत पाठवू नका. तिला कथेच्या बैठकीत बसवा, मानधन द्या आणि श्रेयनामावलीत नाव द्या.

कळावे,
गुन्हेकथा मालिकांचे जुने प्रेक्षक आणि काही हौशी अभ्यासक

ता.क. पहिले सहा भाग, मेग फॉस्टरचे, मिळाले तर जरूर बघा. पुढच्या भागांशेजारी ते ठेवले की एकच पात्र नटी, कपडे आणि माहेर बदलल्यावर कुठे कुठे हलतं, हे सीननुसार दिसतं. नव्या संवाद लेखकांच्या कार्यशाळेत हा एक दिवसाचा पाठ होऊ शकतो.